पुलाखालून पोहे

तुळशीचं लग्न एकदाचं लागलं, की आमच्या रावेतच्या सोसायटीसमोरच्या लॉन्सला कंठ फुटतो. चार महिने तिथे नुसतं गवत वाढत असतं आणि वॉचमन खुर्ची टाकून पेंगत असतो. मग एका सकाळी अचानक मांडव उभा राहतो, फुलांचा टेम्पो येतो आणि संध्याकाळी नवरदेव घोड्यावर बसून अख्ख्या रस्त्याची वाहतूक अडवतो. सातव्या मजल्यावरून मला नवरदेवाचा फक्त फेटा दिसतो. नवरी तर दिसतच नाही, कारण हल्ली तिच्या पायाशी धूर सोडतात. पण लगीनसराई आल्याचं मला बँडवरून कळत नाही. खालच्या कुठल्यातरी स्वयंपाकघरातून मोहरी-कांद्याची फोडणी वर आली, की माझी मान आपोआप खाली जाते. दारातून जाताना मी वाकते. सून विचारते, "आई, मान अवघडलीय का?" नाही गं बाई, अवघडलेली नाही. तिला वळण लागलंय, तेही एका पुलामुळे.

आमच्या चिंचवडच्या घरात पूल होता. कामगार वसाहतीतल्या दोन खोल्या, बाहेरची आणि स्वयंपाकाची, आणि दोन्हींच्या मधल्या दारात छातीच्या उंचीवर आडवा पूल. दाराच्या अलीकडे ट्रंकांची चळत होती, तिच्यावर डोंगर होता. पलीकडे आईचं शिवणयंत्र होतं, त्याच्यावर लाकडाची वखार होती. डोंगरावर तोडलेलं लाकूड वखारीत न्यायचं, तर मधल्या दरीवरून गाडी न्यावी लागणार, आणि ती दरी म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचं दार. पूल उचलून बाजूला ठेवता येत असे, पण ते फक्त अण्णांनाच जमे. बाकी सगळ्यांनी वाकायचं, अगदी सिलिंडरवाल्यानंसुद्धा.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे माणचे. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि माझा नातू तिथेच कुठेतरी कॉम्प्युटरपुढे बसतो; तेव्हा तिथे ज्वारी होती, हरभरा होता आणि अण्णांची थोरली बहीण होती. धाकट्या वयात अण्णा शेत सोडून पिंपरीच्या एका कारखान्यात लागले, टूलरूममध्ये. सकाळच्या भोंग्याला जायचे, दुपारच्या भोंग्याला यायचे. शर्टाला कटिंग ऑइलचा वास. तो वास कितीही साबण लावला तरी जायचा नाही, आणि आता कधी एखाद्या गॅरेजवरून जाताना आला तर मी उगाच दोन मिनिटं तिथे थांबते.

त्या कारखान्यात कसलंसं अवजड यंत्र बसवायला एक परदेशी साहेब आला होता. जाताना त्यानं टाकून दिलेल्या मासिकांतलं एक अण्णांनी जेवणाच्या डब्याबरोबर घरी आणलं. त्यात छोट्या छोट्या आगगाड्या करणाऱ्या मोठ्या माणसांचे फोटो होते. चांगली टाय लावलेली, टक्कल पडलेली माणसं खेळण्यातल्या गाड्या करत होती आणि त्यांच्या बायका शेजारी उभ्या राहून हसत होत्या, याचं अण्णांना फार अप्रूप वाटलं. ते पान त्यांनी आईला मुद्दाम दाखवलं. आई म्हणाली, "फोटोपुरत्या हसतायत."

त्या मासिकातल्या एका चित्रापाशी अण्णा थांबले ते थांबलेच. दाट जंगल, काड्या रचून केल्यासारखा उंच लाकडी पूल, आणि त्यावरून ओंडक्यांच्या वाघिणी ओढत निघालेलं एक वाकडंतिकडं इंजिन. खालचं इंग्रजी मी डिक्शनरी घेऊन वाचून दाखवलं. लाकूडतोडीच्या जंगलात तात्पुरते रूळ टाकतात, लाकूड संपलं की रूळ उचलून पुढच्या डोंगरावर नेतात, आणि चढावर घसरू नये म्हणून त्या इंजिनाच्या चाकांना गिअर असतात. गिअर हा शब्द ऐकला आणि अण्णा उठून उभे राहिले.

"शैले, हिला टाइमटेबल न्हाई बघ," ते म्हणाले. "प्याशिंजर न्हाई, तिकीट न्हाई, भोंगा न्हाई. लाकूड तुटलं की निघायचं. न्हाई तुटलं, तर बसायचं बिडी वढत."

उभा जन्म भोंग्यावर उठणाऱ्या माणसाला असली गाडी आवडणार नाही तर काय! जंगल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्याकडचं जंगल म्हणजे देहूच्या वाटेवरच्या बाभळी. पण हौस आली की माणूस माहितीसाठी खोळंबत नाही.

मग आमच्या घरातल्या वस्तू हळूहळू जंगलात जाऊ लागल्या. सगळ्यांत आधी छत्र्या. छत्रीच्या काडीचा रूळ फार चांगला होतो हा शोध अण्णांचा, आणि त्या पावसाळ्यात आम्ही तिघं मिळून एका छत्रीत फिरलो हा त्याचा खर्च. मग खराटा. पुलाचे खांब खराट्याच्या हिरांचे होते. आई झाडायला घ्यायची तेव्हा तिच्या हातात मूठ यायची आणि पुढे फारसं काही नसायचं. सुतारशाळेतला भुसा आणून तो रांगोळीच्या हिरव्या रंगात घोळला की झालं गवत. बडीशेपेचे वाळलेले तुरे म्हणजे झाडं. दिवाळीत आमच्या दारातल्या मोराला हिरवा रंग मिळाला नाही, तो बिचारा पिवळाच राहिला. "लोकांच्या घरात बाई ठेवली तर संसार मोडतो," आई म्हणायची, "माझ्या घरात डोंगर ठेवलाय."

आत्याचं वेगळंच. ती बबीआत्या, माणची. महिन्यातून एकदा एसटीनं यायची आणि येताना बांधावरच्या काटक्यांची मोळी आणायची, भावाच्या घरी बंबाला सरपण म्हणून. अण्णा ती मोळी अंगणात सोडायचे आणि एकेक काटकी डोळ्यासमोर धरून निवडायचे. सरळ, सालीसकट, करंगळीएवढी असली तर ती ओंडका व्हायची. उरलेली बंबात. पहिल्यांदा आत्यानं हे पाहिलं तेव्हा ती कपाळाला हात लावून उंबऱ्यातच बसली. "आरं नामा, मी डोक्यावर मोळी घिऊन मैलभर चालत आले ती ह्या भावलीच्या गाडीत घालाया व्हय?" पण पुढच्या खेपेला तिनं घरूनच निवडून आणल्या. वर म्हणाली, "ह्या बोरीच्या हायत. बोरीला रंग चांगला येतो."

इंजिन एका मोडक्या गजराच्या घड्याळाच्या चावी-गिअरांतून झालं, आणि वाघिणींची चाकं कारखान्यातल्या पितळेच्या भंगारातून. भंगारसुद्धा बाहेर न्यायला गेटपास लागायचा, आणि अण्णा नियमाला भलते पक्के. गेटवरच्या पहारेकऱ्यानं डबा उघडला, भाकरीशेजारच्या त्या चकचकीत चकत्या पाहिल्या आणि विचारलं, "ये क्या, भाऊ, दवा की गोली?" अण्णांनी रेल्वेची चाकं म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून तो अण्णांना 'रेल्वेमंत्री' म्हणून सलाम ठोकू लागला.

आता यात माझा भाग सांगते, कारण तो कुणी सांगितला नाही म्हणूनच पुढचं सगळं घडलं. मी मॅट्रिक होऊन भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. रेडिओचे भाग जोडायचे काम. लांबच लांब टेबल, आम्ही सगळ्या पोरी ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंगची कांडी आणि नाकात राळेचा धूर. छत्रीच्या काड्या आखूड असतात, त्यामुळे रुळाला जोड फार यायचे, आणि छत्रीच्या पोलादाला सोल्डर सहजी धरत नाही. घासायचं, ॲसिडचं बोट लावायचं, श्वास रोखून एकच थेंब सोडायचा. ते सगळे जोड माझे. रात्रपाळीवरून आल्यासारखे डोळे लाल व्हायचे, पण माझ्या जोडावरून चाक गेलं तर खट् वाजत नसे. अण्णा कान लावून ऐकायचे आणि मान हलवायचे. तेवढीच शाबासकी, पण मला ती पुरायची. खरं सांगते, त्या वयात मला स्वतःचा अभिमान वाटावा अशी तीच एक गोष्ट होती.

आणि त्याच वयात माझी स्थळं बघायला सुरुवात झाली.

मुलगी दाखवायची ती बाहेरच्या खोलीत, आणि बाहेरच्या खोलीत जंगल. अण्णा ते हलवायला तयार नव्हते. "डोंगर हलला की रूळ पिळतो," म्हणायचे. तेव्हा पाहुणे कॉटवर दाटीवाटीनं बसायचे, आणि मी स्वयंपाकघरातून पोह्यांचा ट्रे घेऊन निघायची. मधे पूल. हात ट्रेला, त्यामुळे तोल सांभाळत कमरेत वाकून, मान खाली घालून, एक एक पाऊल टाकत मी दरीखालून बाहेर यायची. पाहुण्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान पसरायचं! एका मुलाची आजी तर म्हणालीच, "पोरीला वळण फार चांगलं लावलंय हो. आजकालच्या मुली कुठं एवढ्या वाकतात!" आईनं डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. माझ्या नम्रतेची कीर्ती थेट खडकीपर्यंत गेली होती, असं आत्या सांगायची.

पोहे झाले की अण्णांचा कार्यक्रम. सुपारी, लवंगा, बडीशेप तबकात यायची नाही, गाडीनं यायची. ओंडके उतरवून वाघिणींत सुपारीची खांडं भरलेली असायची. डोंगरातून गाडी निघायची, पाहुण्यांच्या कानामागून जायची, पुलावरून डुगडुगत वखारीपाशी थांबायची. आणि गाडी पाहून पाहुणे काय बोलतात त्यावर अण्णा माझं लग्न ठरवायचे. मुलाचा पगार, घर, शेतीवाडी हे आईनं आणि आत्यानं बघायचं. अण्णा फक्त तोंड बघायचे. एका शाळामास्तरांच्या मुलानं विचारलं, "छान आहे, पण याचा उपयोग काय?" अण्णांनी त्याला स्वतःच्या हातानं चहा दिला, बसस्टॉपपर्यंत सोडलं आणि परत येऊन सांगितलं, "जमायचं न्हाई." दुसऱ्या एका स्थळात मुलाचे काका डोंगराच्या पायथ्यालाच टेकले. उठले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या धोतराच्या मागच्या बाजूला कुरणच्या कुरण उगवलं होतं. मी ट्रे घेऊन आत पळाले, आणि पळताना अर्धवटच वाकले. त्या काकांकडून आम्हाला नकार आला आणि पुलाकडून मला कपाळावर टेंगूळ.

हिवाळे असे जात होते. तेव्हाचा चिंचवडचा हिवाळा खरा हिवाळा होता. पहाटे नदीकडून धुकं यायचं आणि पहिल्या पाळीला जाणाऱ्या सायकलींच्या फक्त घंटा ऐकू यायच्या. अंगणात बंब पेटलेला, त्याच्या धुरात बोरीचा वास. दुपारी आत्यानं आणलेला ओला हरभरा सोलत बायका उन्हात बसायच्या आणि कुणाची पोर कुठे दिली याची उजळणी व्हायची. माझं नाव आलं की बायका हरभऱ्याकडे बघायच्या. मला त्याचं फार वाईट वाटायचं असं नाही. पण आईला वाटायचं, आणि तिचं तोंड पाहून मलाही मग वाटायचं.

शेवटी एका तुळशीच्या लग्नाला आईनं पूजेचं ताट खाली ठेवून सांगून टाकलं, "अहो, ऐका. ह्या लगीनसराईत एक तर मुलगी ह्या घरातून जाईल, नाहीतर जंगल जाईल. दोन्ही ठेवायला माझ्याकडे जागा नाही." आत्या तिच्या बाजूनं उभी राहिली. अण्णा आईला भीत नसत, पण आई ताट खाली ठेवून बोलली की ती मनापासून बोलते हे त्यांना ठाऊक होतं.

आणि मग आला सुभाष.

आकुर्डीच्या एका कंपनीत इन्स्पेक्टर. उंच, सावळा, शर्टाच्या खिशात पेनाबरोबर छोटी पट्टी. आई-वडिलांबरोबर आला. मी वाकून बाहेर आले, वळणाचं कौतुक झालं, पोहे झाले. सुपारीची गाडी निघाली, आणि पुलाअलीकडच्या वळणावर शेवटची वाघीण घसरून पडली. सुपारी सुभाषच्या आईच्या ओटीत. एरवी अशा वेळी पाहुणे हसायचे. सुभाष हसला नाही. बशी बाजूला ठेवून तो गुडघ्यांवर बसला, एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत बघत राहिला आणि म्हणाला, "काका, वळणावर बाहेरची काडी कणभर उचलायला पाहिजे. गाडी बाहेर फेकली जातेय."

अण्णांच्या तोंडावर त्या क्षणी जे आलं, ते माझ्या जन्माच्या वेळी आलं होतं की नाही, देव जाणे. तेही शेजारी गुडघ्यांवर बसले. मग कॉटवर दोन कुटुंबं आणि जमिनीवर दोन माणसं अशी बैठक सुरू झाली. चहा झाला. पुन्हा चहा झाला. सुभाषच्या वडिलांनी वर्तमानपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं. त्याची आई भिंतीला टेकून घोरू लागली. मी रिकामा ट्रे मांडीवर घेऊन नव्या साडीत घामेजत बसले होते. खालून आवाज यायचे, "इथं पॅकिंग टाकू," "गिअरला ग्रीस कोणतं?" आणि मग सुभाषनं रुळावरून बोट फिरवलं. फिरवत फिरवत तो थांबला. "काका, काय जोड आहेत हो! बोटाला लागतसुद्धा नाहीत. हात काय साफ आहे तुमचा!"

मी अण्णांकडे पाहिलं. ते हसले. नुसते सुखानं हसले, आणि पुढच्या वळणाबद्दल बोलू लागले.

आईला बहुधा माझं तोंड दिसलं. तिनं मोठ्यानं विचारलं, "सुभाषराव, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा हो."

सुभाषनं वर बघितलं. खोलीत मुलगी आहे हे त्याला तेव्हा नव्यानं कळलं असावं. "अं? हो, हो," तो म्हणाला आणि अण्णांकडे वळला. "काका, ह्या इंजिनाला रिव्हर्स आहे का?"

दुसऱ्याच दिवशी त्यांचा होकार आला. देण्याघेण्याची बोलणी नाहीत, हट्ट नाही, काही नाही. आत्यानं घरभर साखर वाटली. आईनं पोलक्याचं कापड काढलं. अण्णा तर शीळ घालत होते; वळणावरची काडी उचलली होती आणि वाघीण आता पडत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यांची भाषा बोलणारा माणूस मिळाला होता, तोही जावई म्हणून. असं कुणाच्या बापाचं नशीब! आणि मला तो मुलगा नको होता.

का नको, हे मी स्वतःलाच धड सांगू शकत नव्हते. माणूस वाईट नव्हता. दिसायला बरा, नोकरी पक्की. पण डोळ्यासमोर यायचं ते एकच: तो आणि अण्णा जमिनीवर बसलेत, मी ट्रे घेऊन वाकून येतेय, आणि दोघंही माझ्या जोडांचं कौतुक करतायत, वर न बघता. जन्मभर. त्या काळी मुलीनं नको म्हणण्याची पद्धत नव्हती. मुलाकडून होकार आला की मुलीकडचा होकार धरलेलाच असायचा, विचारायचा नसायचा. भोसरीला कामावर बोट भाजून घेतलं.

रविवारी सकाळी अण्णा अंगणात वाघिणीचं चाक घासत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अण्णा, मला नको."

"काय, च्या?"

"सुभाष."

कानस थांबली. "का गं? चांगला हाय की पोरगा."

"त्यानं मला एक अक्षर विचारलं नाही."

"मग तू विचारायचं व्हतंस."

"आणि तुम्ही पण सांगितलं नाहीत. जोड कुणाचे ते."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. पण त्यांनी चाक खिशात टाकलं, कानस पुसली आणि आत जाऊन जंगलापुढे बसून राहिले. जेवायलासुद्धा हाक मारावी लागली.

संध्याकाळी घरात सभा भरली. आई रडली. आत्या भडकली. तिला वाटलं, पोरीला अण्णांचीच फूस आहे, जंगल वाचवायला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" ती अण्णांवर बोट रोखून म्हणाली. मग जरा शांत झाल्यावर तिनंच वाट काढली, कारण या कामात ती मुरलेली होती. "न्हाईच म्हनायचं आसंल तर कायतरी कारन द्यावं लागंल बाबा. पोरीला नको, आसं सांगितलं तर पुन्हा दारात स्थळ उभं ऱ्हायचं न्हाई. नाडी एक आली म्हनून सांग. न्हाईतर सांग, गुरवानं कौल दिला न्हाई. द्येवावर घातलं की कुनाला राग येत न्हाई." अण्णा हूं हूं करत होते. मला वाटलं, सुटले एकदाची. नाडी तर नाडी.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून अण्णा आले, आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि सायकलवर टांग मारून आकुर्डीला गेले. आई देवापुढे बसली. मी उगाचच तांदूळ निवडले, निवडलेलेच पुन्हा निवडले. दिवे लागायची वेळ झाली तरी पत्ता नाही. आत्या म्हणाली, "मारलं बिरलं न्हाई ना माझ्या भावाला?"

एवढ्यात सायकलची घंटा वाजली. अण्णा आले. आणि मागे कॅरिअरवर, लांब पाय जमिनीला लागू नयेत म्हणून वर धरलेला, सुभाष.

आईनं पदर सावरला. तिला वाटलं, बाप नकार द्यायला गेला आणि लग्न ठरवून आला. मलाही तेच वाटलं. अण्णांनी सायकल स्टँडला लावली, टोपी काढली आणि घाम पुसत म्हणाले, "लग्नाला न्हाई सांगून आलो. पुलाला ह्यो व्हय म्हनाला."

नकार ऐकल्यावर सुभाषनं म्हणे एवढंच विचारलं होतं, "पण काका, मग त्या पुलाचं काय? मी स्प्रिंगची सोय शोधून ठेवलीय, दार उघडलं की पूल आपोआप वर उचलला जाईल अशी." अण्णांना राहवलं नाही. त्यांनी त्याला तसाच कॅरिअरवर घातला.

वाचकांपैकी काहींना आता वाटत असेल, की पुढे आमचं जमलं असणार. नाही जमलं. मी नको म्हटलं होतं ते नकोच होतं. सुभाष दर रविवारी यायचा, मला 'ताई' म्हणायचा, आणि आल्या आल्या पहिलं वाक्य "ताई, हा जोड बघता का जरा?" असायचं. त्याची ती स्प्रिंग चालली, पूल वर जाऊ लागला आणि वसाहतीत बातमी पसरली, की नामदेवरावांच्या पोरीला आता वाकायला नको. आईनंही जंगलाला वर्षभराची मुदत वाढवून दिली, आणि माझं लग्न पुढच्या लगीनसराईत झालं, पोस्टातल्या एका माणसाशी. त्यानं गाडीकडे पाहून "वा" एवढंच म्हटलं आणि मला विचारलं, "सोल्डरच्या धुराचा तुम्हाला त्रास नाही होत?" सुभाषनं माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत मठ्ठा वाढला. पुढे त्याची बायकोसुद्धा आमच्याकडे यायची आणि आईबरोबर बसून नवऱ्यांना नावं ठेवायची. अण्णा थकले तेव्हा डोंगर, दरी, वखार सगळं टेम्पोत घालून सुभाषकडे गेलं. आई म्हणाली, त्या घरात कन्या द्यायची होती, गाडी दिली. निदान पाठवणीला रडायचं तरी चुकलं नाही. रडले अण्णाच.

नकार मिळालेला मुलगा घरचा कसा होतो, हे मला दोन-तीन वर्षं कोडं होतं. लोक म्हणायचे, भला माणूस आहे. भला तर होताच. पण एका रविवारी मी माहेरी आले होते, जंगल अजून तिथेच होतं आणि माझी थोरली पोर कडेवर होती, तेव्हा मी त्याला धीर करून विचारलं, "सुभाषभाऊ, त्या दिवशी तुम्हाला राग नाही आला? नाडी एक आली म्हणून कुणी चांगलं स्थळ सोडतं का, असं नाही वाटलं?"

तो पुलाचा खांब चिकटवत होता. "नाडीचं काय?" त्यानं विचारलं. "काकांनी नाडीचं नावसुद्धा काढलं नाही."

"मग काय सांगितलं?"

"आमचे वडील चिडले होते. आवाज चढवला त्यांनी. म्हणाले, पत्रिका जुळतेय, देणंघेणं नाही, मुलगा निर्व्यसनी आहे, मग नाही म्हणायला झालं काय? काका उभेच होते, टोपी हातात. म्हणाले, पोरगी नको म्हनती. वडील म्हणाले, एवढंच कारण? तर काका म्हणाले, व्हय, एवढंच. माझ्या घरात एवढं पुरतं."

मी अण्णांकडे बघितलं. ते पलीकडे डोंगरावर बडीशेपेची झाडं लावत बसले होते.

"शैले," ते मागे न बघता म्हणाले, "पोरीला खाली ठिव आनि हिकडं ये. रूळ सुटलाय."

मी पोरीला खाली ठेवलं आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. डोळे असे भरले होते, की जोड कुठं सुटलाय तेच मला दिसत नव्हतं.